पेटीवर तुझं नाव आहे

गुरुवार, दुपार
बाबांच्या तळघरातून

प्रिय एमिल,

सगळ्यात आधी हे वाच: मी मेलेली नाही.

पहिल्याच ओळीत लिहिते, कारण काल सेल भरवणाऱ्या मार्लीनबाईंनी आपल्या घराचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि ते तू पाहिले असणार. ओहायोत कुठेही मेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाचा सेल असो, आदल्या दिवशी फोटो मोठे करकरून बघायची तुझी आणि बाबांची सवय. टेबलाखाली अर्धवट दिसणारी करवत तुम्ही नुसत्या मुठीवरून ओळखायचात. म्हणून मी बाईंना बजावलं होतं, पहिला फोटो बाबांच्या ओकच्या हत्यारपेटीचा हवा, आणि तोही खालचा डावा खण दिसेल असा. त्या खणाची मूठ पितळी आहे, बाकीच्या लाकडी. ती पितळी मूठ तू शाळेत असताना बसवलीस, आणि वाकडी बसवलीस, आणि बाबांनी ती कधी सरळ केली नाही. ती ओळखून तू पत्ता वाचला असशील. मग कुणालाही वाटेल तेच तुला वाटलं असेल, की म्हातारी गेली. तसं वाटावं अशीच माझी इच्छा होती. ही फसवणूक आहे. जन्मभर मालकांच्या फसवणुकीवर घसा फोडला, आता स्वतः एक केली. पण रविवारी संध्याकाळी सेल संपायच्या आत मला तू एकदा समोर हवा होतास, आणि तुला इथवर आणायचा दुसरा कुठलाच रस्ता माझ्याकडे उरला नव्हता. रविवारच का, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस.

मार्लीनबाईंची गंमत ऐक. मी फोन केला तर माझा घोगरा आवाज ऐकून बाई म्हणाल्या, "बोला साहेब, आईचं घर की वडिलांचं?" मी म्हटलं, माझं. "तसं नाही साहेब, वारलं कोण?" मी म्हटलं, अजून कुणी नाही, आणि मी साहेब नाही. मग येऊन घर बघून गेल्या, चांदीचे चमचे उलटे करून शिक्के तपासले, आणि जाताना दारात म्हणाल्या, "हुडाकबाई, राग मानू नका, पण तुम्ही जिवंत आहात ही माझ्या धंद्याला मोठी अडचण आहे." त्यांचा नियम तुला ठाऊकच आहे. सेलच्या दिवशी घरच्यांनी घरात थांबायचं नाही. घरचे रडतात, गिऱ्हाइकाच्या हातातून बशी ओढून घेतात, म्हणतात ही विकायची नव्हती. मागे एका विधवेने नवऱ्याची मासेमारीची टोपी घालून चाललेल्या माणसाला अंगणात गाठून टोपीसकट झोडपलं होतं म्हणे. तेव्हा उद्या दार उघडेल त्याआधी मला निघावं लागेल. तू हे वाचत असशील तेव्हा मी या घरात नसेन. पण लांबही नसेन.

मला ते तुमचे शुक्रवार आठवतात. अंधारात उठून तुम्ही दोघं निघायचात, थर्मासमध्ये कॉफी, खिशात विजेरी आणि चुंबक. दुसऱ्याच्या घरापुढे घडीच्या खुर्च्या टाकून रांगेत बसायचं, चिठ्ठीवर नंबर घ्यायचा आणि दार उघडलं की बायका दागिन्यांच्या टेबलाकडे धावताना तुम्ही सरळ तळघरात उतरायचं. मी हसायचे तुम्हाला. मेलेल्या माणसाची पटाशी आणून तुम्ही ती जेवणाच्या टेबलावर ठेवायचात, आणि बाबा तिच्याकडे असे बघायचे की माझी कोबी-शेवयांची कढई गार होऊन जायची. आणि ते नाताळच्या खोक्याचं! शेवटच्या दिवशी सगळं अर्ध्या किमतीला मिळतं म्हणून तू पहिल्या दिवशी कोरीव कामाच्या पटाश्या नाताळच्या शोभेच्या गोळ्यांच्या खोक्यात दडवून आलास. रविवारी गेलास तर ते खोकंच एका बाईने नातवंडांसाठी नेलेलं. तू बारा वर्षांचा असशील. बाबा तुला रागावले नाहीत, इतकंच म्हणाले, "चोरावर मोर झाला, आणि तोही नाताळचा." मग गंभीर होऊन सांगितलं, की एमिल, रांगेत जो प्रामाणिक नाही त्याच्या हातात हत्यारही प्रामाणिक राहत नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला वाटलं, हे माझं वाक्य आहे, यांनी कुठून उचललं?

आता त्या सभेचं. टाळणार नाही, टाळायला मी शिकलेच नाही. संपाचा पाचवा महिना होता. कंपनीने विमा तोडला होता, तुझ्या रेनेला दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली होती. हे सगळं मला माहीत होतं. मी पुढच्या फाटकावर पिंपातल्या विस्तवाशी हात शेकत उभी होते आणि तू मागच्या फाटकाने आत कामावर गेलास. जे आत जात त्यांची नावं मी भर सभेत घेत असे, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. त्या दिवशी सगळ्या सभागृहाचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते, की बाई आता पोराचं नाव गिळते का. मी गिळलं नाही. इतरांची घेतली त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं, मी म्हटलं, "एमिल हुडाक." तुला वाटत असेल की हे पत्र माफी मागायला लिहिलं आहे. नाही. समोर तिसऱ्या बाकावर संपातला डेल बसला होता. त्याची मुलगी दवाखान्यात होती आणि तरी तो रोज फाटकावर उभा राहायचा. त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर तुझं नाव वगळणं मला जमलं नसतं, आज पुन्हा ती वेळ आली तरी जमणार नाही. फाटकापुढची रांग एकाच गोष्टीवर उभी असते, की तिथे कुणी कुणाची आई नसते. एका पोराला सूट दिली की ती रांग राहत नाही, ती ओळखीच्या माणसांची गर्दी होते. पुढे कारखाना बंद पडलाच. तू आत गेलास म्हणून वाचला नाही आणि आम्ही बाहेर राहिलो म्हणूनही वाचला नाही. फाटकाला आता गंज चढला आहे आणि आत हरणं चरतात. पण त्यामुळे मी बरोबर होते ते चूक ठरत नाही. हे मी बाबांना कितीदा सांगितलं. ते भांडी पुसत ऐकून घ्यायचे. एकदाच बोलले. "बरोबर होतीस, ओल्गा. पण बरोबर असणं ताटात वाढता येत नाही."

त्या सभेनंतर तू घर सोडून गेलास, तरी बाबांचे शुक्रवार चुकले नाहीत. उलट वाढले. मला वाटायचं, माणूस दुःख असं रिचवतो आहे, रिचवू दे. कधी काही घेऊन यायचे, कधी रिकाम्या हाताने यायचे आणि तरीही खुशीत. मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात भाषणं असायची, पत्रकं असायची, बंद पडलेल्या कारखान्यातल्या लोकांच्या निवृत्तीवेतनाची लढाई असायची. मग दोन वर्षांपूर्वी ते गेले. झोपेतच गेले, त्यांच्या स्वभावाला धरून, कुणाला त्रास न देता. अंत्यविधीच्या आधी शवपेटीत बघते तर त्यांच्या वरच्या खिशात लाकडी घडीची मोजपट्टी खोचलेली, कडा पितळी, हातात धरून धरून गुळगुळीत झालेली. मला वाटलं, ही व्हर्जिल टॅकेटची करामत. रांगेतला त्यांचा जुना दोस्त तो. त्याला विचारलं तर टोपी फिरवत म्हणाला, "मी असतो तर ओळंबा ठेवला असता, बाई. सरळ वर गेला असता." मी त्याही स्थितीत हसले आणि पुढे चौकशी केली नाही.

बाबा गेल्यावर कितीतरी दिवस मी तळघरात उतरले नाही. मग एकदा तेलाचा बोळा घेऊन उतरले आणि एकेक हत्यार पुसायला घेतलं. लांब लाकडी रंध्यापाशी आले. तो त्यांनी आणला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण तू गेल्यानंतर त्या दिवशी ते पहिल्यांदा शीळ घालत आले होते. त्याच्या नाकाडावर आधीच्या धन्यांचे ठसे होते. हे त्यांनीच मला पूर्वी समजावलं होतं, की जो धनी होतो तो आपल्या नावाचा ठसा आधीच्या नावाखाली मारतो. वरचं नाव आधीचं, खालचं नंतरचं, आणि कुणी कुणाचं नाव खोडत नाही. सगळ्यात खाली होतं बाबांचं, एम. हुडाक. त्याच्या बरोबर वर, मळाने भरलेलं, ई. हुडाक. मी तिथेच पायरीवर बसले. रंधा तुझा होता. तुला कुठेतरी सापडला, तू ठसा मारलास आणि मग तो बाबांना दिलास. मग मी बोळा टाकून विजेरी घेतली. करवतीच्या मुठीवर तू. पाणसळीच्या कडेला तू. शवपेटीतल्या खिशात ती मोजपट्टी कुणी खोचली, तेही तेव्हा कळलं. इतकी वर्षं, दर शुक्रवारी, कुणाच्यातरी मेलेल्या माणसाच्या अंगणात, तुम्ही बापलेक शेजारी शेजारी खुर्च्या टाकून कॉफी पीत होतात, आणि मी घरात बरोबर होते. मला संताप आला. त्यांच्यावर, तुझ्यावर. मग त्या रिकाम्या तळघरात तो संताप कुणावर काढायचा हे कळेना, तेव्हा तो उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला आजतागायत सोसत नाही.

म्हणून मी रांगेत उभी राहू लागले. तू कुठे राहतोस ठाऊक नव्हतं, पण तू कुठे येशील ते ठाऊक होतं. जिथे सुतार मेला, जिथे घड्याळजी मेला, जिथे तुझ्या बाबांसारखा ओतकामाचे लाकडी साचे करणारा कुणी मेला, तिथे मी नंबर घेऊन हजर. लोकांनी माझी टवाळी केली. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटते म्हणून मी दिसेल ते विकत घ्यायचे. एकदा एक लोखंडी रंधा घेतला, घरी तारेच्या ब्रशने रात्रंदिवस घासून आरशासारखा केला, आणि पुढच्या सेलला अभिमानाने घेऊन गेले. तू आलास तर दाखवावा म्हणून. व्हर्जिलने तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे देवा! बाई, सोलून काढलात की हो याला! शंभर वर्षांचे हात होते यावर, सगळे पुसून टाकलेत. मिलन असता तर याचं सुतक पाळलं असतं." मागून कुणीतरी म्हणालं, "संपवाली बाई आहे ती, तिला सगळं लखलखीत लागतं." सगळी रांग हसली. मीही हसले, पण मला ते लागलं. व्हर्जिलला मी परोपरीने विचारलं, माझा मुलगा कुठे येतो ते सांग. त्याचं एकच उत्तर, "रांगेतल्या माणसाचं रांगेबाहेर बोलायचं नाही. हे तुम्हाला मी शिकवायचं का?" काय बोलणार! माझंच शस्त्र माझ्याच छातीवर. फक्त एकदा, हिवाळ्यात, कॉफी ओतताना त्याच्या तोंडून निसटलं. "तुमची नात डावखुरी आहे. रंधा उलटा धरते, पण लाकडाची शेव काय सुरेख काढते!" मग त्याने जीभ चावली. मी घरी येऊन बाबांचा रंधा डाव्या हातात धरून बघितला, एमिल. बराच वेळ धरून बसले.

आणि मग सेलम गाव. एप्रिलमधला तो सेल, विटांचं घर, अंगणात मॅग्नोलियाचं झाड. तू होतास. पाठमोरा, बाबांचं जाकीट घातलेला, खांदे अगदी त्यांच्यासारखे. तुझा नंबर चौथा होता, तुझ्या पुढच्या माणसाने मला नंतर सांगितलं. तू वळलास, मला बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर मी सहन केला असता, रागाशी माझी जन्माची ओळख आहे. पण तू घाबरलास. पन्नाशीकडे झुकलेला माझा मुलगा मला बघून घाबरला. हातातली चिठ्ठी मागच्या बाईला दिलीस आणि रस्त्याकडे चालू लागलास. चौथा नंबर कुणी सोडत नाही, सगळी रांग अचंब्याने बघत राहिली. दुसऱ्यांदा तू रांग सोडलीस. पहिल्यांदा रेनेसाठी, या वेळी माझ्यामुळे. मी तोंड उघडलं. सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायचं ज्या बाईने दुसऱ्यांना शिकवलं, तिने तुला हाक मारायला तोंड उघडलं, आणि आत नुसती हवा होती. घशातून फुसकारल्यासारखं काहीतरी निघालं. तुझी गाडी वळणापर्यंत दिसली. तुला वाटलं असेल, आईने बघितलं आणि हाकसुद्धा मारली नाही. मी मारली होती. तुला ऐकू गेली नाही, मलाही ऐकू आली नाही.

त्यानंतर माझी खात्री झाली की मी ज्या रांगेत असेन तिथे तू थांबणार नाहीस. आता तुझी गाठ पडायची तर जिथे मी नाही असं तुला पक्कं वाटेल अशाच ठिकाणी. आणि असं एकच ठिकाण होतं, माझ्या मरणाचा सेल. तेव्हा मी तो मांडला, आणि खराखुरा मांडला. मार्लीनबाई खोट्या सेलला उभ्या राहत नाहीत आणि मीही राहत नाही. उद्यापासून खरंच सगळं जाईल: सोफा, पडदे, माझी पुस्तकं, तुझ्या आजीच्या रंगीत बश्या, ज्या टेबलावर तुम्ही पटाश्या ठेवायचात ते टेबल. मला चर्चमागच्या इमारतीत एक खोली मिळाली आहे, पुढे तेवढी पुरेल. बाबांची हत्यारं मात्र मी विकायला ठेवली नाहीत. ती सगळी पेटीत भरली, फोटो काढू दिला, आणि पेटीवर "विकलं" म्हणून लाल चिठ्ठी लावायला सांगितली. चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव लागतं. मार्लीनबाईंनी पेन काढून विचारलं, "नाव कुणाचं घालू?" मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. आता तिला कुणी हात लावणार नाही. विजेऱ्या घेऊन तळघरात उतरणारी तुमची जमात एरवी मेलेल्याच्या मोज्यातही हात घालेल, पण दुसऱ्याच्या नावाची लाल चिठ्ठी लागली की बोट लावत नाही. हा कायदा मला तुमच्यात सगळ्यात आवडला. हे पत्र खालच्या डाव्या खणात ठेवते आहे, पितळी मुठीच्या. मंगळवारपासून मी पाटीवर खडूने लिहून लोकांशी बोलते. ते बघून व्हर्जिलच्या हातून आज सकाळी खुर्चीच पडली. "हुडाकबाई गप्प! कारखान्याच्या मालकाने हे बघायला जगायला हवं होतं, सुखाने डोळे मिटले असते बिचाऱ्याने." मी पाटीवर लिहिलं, तुझेही मिटवीन. मग तो जवळ आला, पाटी पुसली, आणि मी न विचारता म्हणाला, "मी त्याला काही सांगणार नाही, बाई. पण फोटो बघ, एवढं तर सांगू शकतो ना? तेवढ्याने रांग मोडत नाही." मोडत नाही. मी विचार करून पाटीवर लिहिलं, मोडत नाही.

तू लहान असताना मी तुला त्या ग्रीक वक्त्याची गोष्ट सांगितली होती, जो तोंडात खडे धरून समुद्राशी बोलायचा आणि त्याने आपला अडखळणारा आवाज घडवला. दुसऱ्या दिवशी तू तोंडभर चेरीच्या बिया घेऊन अंगणात भाषण केलंस आणि अर्ध्या गिळल्यास. बाबा आणि मी रात्रभर तुझ्या पोटावर हात ठेवून बसलो, की झाड उगवतं का बघायला. ती गोष्ट मला हल्ली सारखी आठवते, त्याला कारण आहे. सोमवारी सकाळी माझं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे, आणि ती अशा जागी बसली आहे की तिच्याबरोबर सगळं स्वरयंत्रच काढावं लागणार. डॉक्टरीण तरुण आहे, डोळ्याला डोळा देऊन बोलली म्हणून मला आवडली. म्हणाली, जगाल, पण या आवाजात बोलणार नाही. नंतर गळ्याला लावायचं यंत्र मिळतं, तेही तिने ऐकवलं. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसं ते बोलतं. त्याने मी भांडेन, किराणा मागवीन, व्हर्जिलला शिव्या देईन. पण तुझं नाव त्याने घेणार नाही. मंगळवारपासून गप्प आहे ती उरलासुरला आवाज राखायला. मला तुला काही पटवायचं नाही, तुझ्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. एवढंच, की या आवाजाने तुझं नाव शेवटचं घेतलं ते त्या सभेत, आडनावासकट. ते शेवटचं राहू नये. तेव्हा हे वाचून झालं की पेटी तिथेच असू दे, ती तुझी आहे, कुठे जात नाही. पुढच्या दाराने बाहेर ये आणि पायरीवर उभा राहा. समोरच्या घरी, हेलनच्या व्हरांड्यात मी बसलेली असेन, तिन्ही दिवस, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. तू रस्त्यावर खेळत असायचास तेव्हा जेवायला बोलवायला मारायचे तशी एकच हाक मारीन, नुसतं नाव. कदाचित पुन्हा हवाच येईल, सेलमला आली तशी. तर या वेळी पाठ करू नकोस. माझ्या तोंडाकडे बघ.

तुझीच, समोरच्या व्हरांड्यातली,
आई